आबांची मान आणि आपोआप काळी होणारी काच

माझं लग्न ठरता ठरता मोडायची वेळ आली होती, ती आबांच्या मानेमुळे. बैठकीत मुलाकडच्या एका वयस्कर बाईंनी विचारलं, "पोर लग्नानंतर नोकरी सोडी ना?" आणि आबांची मान झटक्याने खाली गेली. एकदाच, पण ठसठशीत. समोरची मंडळी खूष झाली. मी दाराआड उभी होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि कुणी बोलावण्याआधीच बाहेर येऊन मी म्हणाले, "ते हो म्हणाले नाहीत. त्यांची मान तशीच आहे." मग अर्धा तास मानेचा खुलासा चालला. सुदैवाने नवरा मुलगा हसला, म्हणून लग्न झालं आणि नोकरीही राहिली.

आबा म्हणजे माझे वडील. शिंदखेड्याला रस्त्याच्या कडेला, निंबाच्या झाडाखाली त्यांची पत्र्याची शेड आहे आणि तिथे पस्तीस वर्षं ते वेल्डिंग करत आले आहेत. ट्रॉल्या, गेट, वखराची पास म्हणजे पातं, कुणाच्या मोटरसायकलचा तुटलेला स्टँड, येईल ते. हाताखाली माणूस ठेवणं त्यांना कधी जमलं नाही. माणूस ठेवला की त्याचं काम आबांना आवडत नाही, मग ते स्वतःच करतात आणि तो बसून बघतो. त्यामुळे एका हातात होल्डर, दुसऱ्या हाताने लोखंड धरलेलं, आणि डोक्यावर वर करून ठेवलेलं काळ्या काचेचं हेल्मेट. ठिणगी पाडायच्या आधी ते डोळ्यांवर आलं पाहिजे आणि खाली ओढायला तिसरा हात नाही. म्हणून मान झटकायची. झटका बसला की हेल्मेट खट्कन खाली येतं, पुढे सगळा अंधार, आणि त्या अंधारात रॉड बरोबर जागेवर टेकवायचा. टाका झाला की हेल्मेट वर, पुढच्या टाक्याला पुन्हा झटका. दिवसाला असे किती, ते त्यांनी मोजले नाहीत आणि मानेने मोजले ते आम्हाला उशिरा कळलं.

हा झटका इतका अंगात मुरला की काहीही सुरू करायच्या आधी तो यायचा. जेवायला बसले की पहिल्या घासाआधी मान खाली. एसटीत बसून गाडी सुटली की मान खाली. माझी माय म्हणायची, "यास्ले देव बी घाबरस. हात जोडाना पहिले मान झटकतस." गावात आबांना मोठा होकारी माणूस समजत. वर्गणीवाले तर आधी आमच्याच शेडवर यायचे.

वेल्डिंग मला त्यांनीच शिकवलं. आज मी धुळ्यातल्या एका प्रशिक्षण केंद्रात तेच शिकवते. मी शिकले ते आबांच्या त्याच हेल्मेटवर, अकरा नंबरच्या काचेच्या. आत घाम टिपायला मायने जुन्या लुगड्याची पट्टी शिवलेली होती आणि पट्टी झिजली की ती नवी शिवायची. माझ्या डोक्याला ते मोठं व्हायचं, झटका दिला की पार गळ्यापर्यंत घसरायचं. आबा म्हणायचे, "मोठी व्हय, मंग बसी." मी मोठी झाले, तरी ते हेल्मेट मला कधी बसलं नाही. त्याला आबांच्याच डोक्याचा आकार आला होता.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आबांच्या उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. त्यांनी त्या कुणाला सांगितल्या नाहीत. गेल्या वर्षी श्रावणात मी घरी गेले होते, तर शेडमध्ये त्यांच्या हातातून होल्डर गळून पडला आणि त्यांनी तो असा उचलला, की जणू मुद्दामच खाली ठेवला होता. मी पाहिलं, माझ्या मागे उभ्या मायनेही पाहिलं. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना धुळ्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले. फोटो काढले. मानेचे मणके झिजले होते आणि हाताला जाणारी नस दबत होती. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, काम काय करता? आबांनी बसल्या जागी झटका मारून दाखवला. डॉक्टरांच्या हातातलं पेन थांबलं. "हे बंद करा. हे बंद नाही केलं तर वर्षभरात हाताने काही धरता येणार नाही, मग सगळंच बंद करावं लागेल."

परतीच्या बसमधून उतरताना आबा फक्त म्हणाले, "कांदा चाळनं काम लिधेल शे." एका शेतकऱ्याच्या कांदा चाळीचं काम त्यांनी घेतलं होतं. चाळ म्हणजे लांबच लांब लोखंडी सांगाडा, हजार ठिकाणी छोटे छोटे टाके. म्हणजे हजार झटके. ते काम सोडायला सांगणं म्हणजे आबांना घरी बसायला सांगणं होतं, आणि घरी बसलेले आबा कसे दिसतील हे मला डोळ्यांपुढे आणवेना.

तोडगा मला ठाऊक होता, कारण तो मी रोज शिकवत होते. आपोआप काळी होणारी काच. हेल्मेट आधीच खाली ओढून ठेवायचं. काच फिकट असते, तिच्यातून लोखंड, रॉड, रेघ सगळं दिसतं. ठिणगी पडली की डोळ्याची पापणी लवायच्या आत काच काळी होते, विझली की परत फिकट. मान झटकायची गरजच नाही. आमच्या केंद्रात दोन्ही प्रकारची हेल्मेटं आहेत आणि मी कधी एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला हिणवत नाही. साधी काळी काच कधी फसवत नाही. तिला बॅटरी लागत नाही, पडली तरी चार पैशांत नवी येते आणि लांब, सलग काम असेल तर तिच्याइतकी इमानी काहीच नाही. आपोआप काळी होणाऱ्या काचेचे नखरे फार. तिच्या कपाळावर वाटाण्याएवढ्या दोन खिडक्या असतात, त्यांना ठिणगी दिसली तरच ती काळी होते. ठिणगी पाईपाच्या आड गेली, धूळ बसली, खिडक्या झाकल्या गेल्या, की ती तशीच फिकट राहते. जाळणारे किरण तेव्हाही ती अडवते, त्यामुळे डोळे भाजत नाहीत. पण दिपतात, आणि एकदा दिपलेला माणूस पुन्हा तिच्यावर विश्वास ठेवत नाही. म्हणून मी वर्गात पहिल्या दिवशी सांगते, आधी खिडक्या पुसा, मग रॉड हातात घ्या. आबांनाही हे सगळं सांगितलं. मायला मात्र काही सांगितलं नाही. तिचा हेल्मेटशी काय संबंध, असं मला वाटलं.

पोळा झाल्यावर आबांना घेऊन धुळ्याच्या बाजारात गेले. दुकानदार मारवाडी, तीन पिढ्या धुळ्यात असलेले, बोलायला गोड आणि घाई नसलेले. "बसा नाना," म्हणत त्यांनी चहा मागवला आणि दोन्ही हेल्मेटं काचेच्या कपाटावर मांडली. आबांनी आधी साधं हेल्मेट उचललं, उलटं करून आतल्या पट्ट्याची शिवण पाहिली, खाली ठेवलं. मग ऑटोचं, म्हणजे आपोआप काळ्या होणाऱ्या काचेचं, उचललं, डोक्यात घातलं आणि सवयीने जोरदार झटका मारला. हेल्मेट आधीच खाली होतं. हेल्मेटची हनुवटी कपाटाच्या काचेवर आदळली आणि चहाचे दोन्ही पेले हलले. दुकानदारांनी शांतपणे पेले बाजूला घेतले. "बाहेर या नाना, उन्हात बघा," म्हणाले. रस्त्यावर उभं राहून आबांनी तोंड सूर्याकडे केलं. काच झर्रकन काळी पडली. त्यांनी तोंड खाली केलं, फिकट झाली. पुन्हा वर, काळी. असं त्यांनी सात-आठ वेळा केलं आणि येणारेजाणारे थांबून आकाशात काय आहे ते बघायला लागले.

"सूर्याले घाबरस ती काच, मन्हा काय कामनी?" आबा हेल्मेट काढून म्हणाले. "मन्ही मान मन्हं ऐकस. ती काच कोन्हं ऐकी?"

"तुमची मान आता तुमचंही ऐकत नाही," मी म्हटलं. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, तो तिथे भर रस्त्यात निघाला. "होल्डर पडतो हातातून. मी पाहिलंय. मायने पाहिलंय. तुम्हाला वाटतं आम्ही आंधळ्या आहोत?"

आबांनी पाठ फिरवली. मग आत जाऊन त्यांनी आपल्या जुन्या हेल्मेटसाठी अकरा नंबरची नवी काच घेतली, म्हणजे आपला निकाल त्यांनी देऊन टाकला. मी त्यांच्या शेजारी उभी राहून ऑटोचं हेल्मेट बांधून घेतलं. दोघंही आपापलं पुडकं मांडीवर घेऊन शिंदखेड्यापर्यंत खिडकीबाहेर बघत आलो.

ते हेल्मेट आबांच्या डोक्यावर बसवलं ते मायने. मी चार समजुतीच्या गोष्टी सांगून धुळ्याला परत आले आणि पुढचं सगळं तिने केलं. तिने काय केलं, तर दुपारी निवडायची भाजी, शेंगा, लसूण घेऊन ती शेडमध्ये जाऊन बसायला लागली. आबांकडे पाठ करून. आमच्या घरात सगळ्यांनाच पाठ करून बसायची सवय आहे, ठिणगीकडे कुणी बघत नाही. आबा नवीन हेल्मेट खाली ओढूनही आधी झटका मारायचे आणि हेल्मेटची कड छातीवर आपटायची, टक्. टक् ऐकू आलं की माय वळून न बघता म्हणायची, "मान!" पुन्हा टक्, पुन्हा "मान!" आबा वैतागायचे. "तू बायको शे का मास्तर?" ती म्हणायची, "मास्तर तं तुमनी आंडेर शे. मी शिपाई." आंडेर म्हणजे लेक, म्हणजे मी.

मी दर रविवारी जायचे. पहिल्या रविवारी दर टाक्याला "मान!" ऐकू येत होतं. तिसऱ्या रविवारी मध्येच कधीतरी. घटस्थापनेच्या सुमाराला गेले तर माय शेडमध्ये बसून शेंगा फोडत होती आणि आबा सलग टाके घालत होते, आणि टक् नाही की "मान!" नाही. मी दारात उभी राहून ऐकत राहिले. त्या दिवशी जेवताना आबांनी पहिला घास झटका न मारता घेतला. मुंग्या कमी झाल्या होत्या. चाळीचे निम्मे सांगाडे तयार होऊन निंबाला टेकून उभे होते.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा. आबा आदल्या दिवशीच सगळं घासूनपुसून ठेवतात आणि पूजा माय करते, लग्न होऊन आली तेव्हापासून. वेल्डिंगचं मशीन, होल्डर, ग्राइंडर, हातोड्या, गुण्या, सगळं चादरीवर ओळीने मांडायचं. प्रत्येकाला आधी ओल्या हळदीचं बोट, वर कुंकू, वर अक्षता. झेंडूची फुलं, नारळ. जुन्या हेल्मेटला ती काचेच्या वर, कपाळावर लावते. आमच्या घरचा एक नियम आहे, हत्यारांवरचं कुंकू पुसायचं नाही. ते कामानेच गेलं पाहिजे. ज्याच्यावरचं आधी गेलं ते हत्यार कष्टाळू, असं माय म्हणते, आणि दिवाळीपर्यंत येता जाता बघत असते कुठलं गेलं आणि कुठलं राहिलं. मी त्या दिवशी घरीच होते. चुलीपाशी पुरण वाटत होते. बाहेरून मायचा आवाज आला, "नवाले जरा जास्त लावस. नवं शे, त्याले आपली वयख नही." नव्याची ओळख व्हावी म्हणून जास्त कुंकू! मी हसले आणि वाटत राहिले.

दसरा झाला, मी धुळ्याला परतले. तीन-चार दिवसांनी मायचा फोन आला. "तुना आबानी ते नवं टांगी दिधं. जुनंच घालतस आते." काय झालं विचारलं, तर म्हणाली, ती काच फसवते, काळी होत नाही, डोळे दिपले. तिने संध्याकाळी बटाट्याच्या चकत्या कापून त्यांच्या डोळ्यांवर ठेवल्या होत्या. "आनि मान?" मी विचारलं. "परत चालू," म्हणाली.

मी म्हटलं, आबांना फोन दे. "बॅटरी पाहिली का? खिडक्या पुसल्या का?" ते म्हणाले, "पुसल्या. ती काच भरोशानी नही. मन्हं जुनं बरं शे." मी म्हटलं, दुकानात नेऊन बदलून आणते. म्हणाले, "ऱ्हाऊ दे, कसाले तरास." हे ऐकून मी इतकी चिडले, की काय काय बोलले ते आता लिहवत नाही. हट्टी म्हणाले, आणखी बरंच म्हणाले. एक वाक्य मात्र लिहिते, कारण ते मला अजून टोचतं. मी म्हणाले, "तुम्हाला बरं व्हायचंच नाही." आबांनी फोन मायच्या हातात दिला.

रविवारी घरी गेले ती, ते हेल्मेट दुकानात नेऊन जाब विचारायच्या तयारीनेच. पिशवीत केंद्रातून स्वतःसाठी घेतलेली दोन पारदर्शक कव्हरंही होती. या हेल्मेटच्या पुढे, काच आणि खिडक्या दोन्हींवर, साध्या पारदर्शक प्लॅस्टिकचं कव्हर असतं, ठिणग्यांनी खराब झालं की बदलायचं. वाटलं, आधी तेच बदलून पाहावं. घरात शिरले तर माय आबांना चहा देत होती. आबांनी कप उजव्या हाताने धरला, मग डाव्या हाताने खालून आधार दिला. दोन हातांनी चहा पिणारे आबा मी आधी कधी पाहिले नव्हते. माय त्यांच्याकडे न बघता चुलीकडे वळली.

मी तडक शेडमध्ये गेले. हेल्मेट मागच्या खिळ्यावर गोणपाटात गुंडाळून टांगलं होतं, मायच्या नजरेपासून लांब. बाहेर उन्हात आणलं, दुकानात आबांनी केलं तसं सूर्याकडे धरलं. काच फिकटच राहिली. पुन्हा धरलं. तशीच. मग मी ते उलटं करून समोरून पाहिलं.

दोन टिळे होते. खाली हळद, वर जाड कुंकू, त्यात तांदळाचे दाणे, सगळं वाळून घट्ट बसलेलं. बरोबर दोन खिडक्यांवर. ना इकडे ना तिकडे. हेल्मेट बनवणाऱ्याने जणू टिळ्यांसाठीच त्या दोन जागा ठेवल्या असाव्यात, असे नेमके. मला आधी हसू आलं. इतकं आलं, की मी तिथेच लोखंडावर बसले. वर्गात जे पहिल्या दिवशी सांगते, ते मी घरी पूजा करणाऱ्या बाईलाच सांगितलं नव्हतं. मग हसू आटपलं आणि दुसरं काहीतरी ध्यानात आलं. आबा हत्याराची रेघन् रेघ बघणारे. एवढे दोन लाल टिळे त्यांना दिसले नाहीत?

वर बघितलं तर आबा समोर उभे होते.

"आबा, तुमले माहीत व्हतं?"

"दुसरा टाकालेच समजनं," ते म्हणाले.

"मंग पुसं काबर नही?"

"कुकू पुसतस का?" ते बाजूला बसले. हातातला गमछा घडी करत, उलगडत. "आनि पुसं तं तिले दिसी. ती रोज देखस." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिले असं वाटस, मन्हा डोया तिन्हा कुकूमुये वाचनात. पस्तीस वरीस. आते तेच कुकू आडवं उनं, हाई तिले कसं सांगू? तिले समजनं तं पुढला वरीसले ती हत्यारस्ले हात लावाव नही."

मी म्हटलं, "आनि मान?"

"मान मन्ही शे," आबा म्हणाले.

मला रडू आलं. त्यांच्यासमोर मी सहसा रडत नाही, त्या दिवशी रडले, आणि रडता रडता त्यांच्यावर ओरडलेही. फोनवर मी इतकं बोलले तेव्हा एका शब्दात सांगून टाकता आलं असतं. पण माय शेजारीच उभी होती, म्हणून ते हट्टी ठरले, आजारपण ओढवून घेणारे ठरले, आणि गप्प राहिले. ते म्हणाले, "तुनी मायले सांगू नको." मी डोळे पुसून पिशवीतून नवं कव्हर काढलं.

कव्हर बदलायला मिनिटभर लागलं. कुंकवाचं जुनं कव्हर हातात घेऊन मात्र दोघंही बसून राहिलो. पूजेचं ते, फेकायचं कुठे? शेवटी मशीनच्या वर, भिंतीवर देवाची तसबीर आहे, तिच्या शेजारी आबांनी खिळा ठोकून ते अडकवलं. मायला मी सांगितलं, ठिणग्यांनी कव्हर खराब झालं होतं म्हणून काच काळी होत नव्हती, बदललंय. थाप तशी बरी होती. ती पदराला हात पुसत शेडमध्ये आली. भिंतीवरच्या कव्हरकडे बघत राहिली, मग आबांच्या हातातल्या हेल्मेटकडे. हेल्मेट तिने हातात घेतलं, पुढून पाहिलं, परत दिलं. "बरं करं," म्हणाली आणि भाकरी टाकायला निघून गेली.

त्या दिवसापासून आबा पुन्हा नव्या हेल्मेटवर आले. दोन दिवस टक् झालं, मायने "मान!" म्हटलं, मग थांबलं. चाळ उन्हाळ कांद्याच्या आधी उभी राहिली. बोटांच्या मुंग्या पूर्ण गेल्या नाहीत, पण कप एका हातात राहतो. डॉक्टर म्हणाले, असंच चालू द्या. मी आबांची माफी मागितली, ते म्हणाले कशाबद्दल, आणि विषय बदलला. जुनं हेल्मेट शेडमध्येच आहे. लांब, सलग रेघ मारायची असली की ते अजून तेच घालतात, आणि मी त्यावर काही बोलत नाही, कारण त्या कामाला ते खरंच चांगलं आहे.

यंदाच्या खंडेनवमीचा घोर मला गणपती बसल्यापासून लागला होता. आबांचं आणि माझं फोनवर ठरलं. पूजेच्या दिवशी नवं हेल्मेट शेडमधल्या कपाटाच्या मागे सरकवायचं, चादरीवर फक्त जुनं मांडायचं, आणि मायने विचारलं तर सांगायचं की मी ते केंद्रात दाखवायला नेलंय. मी सकाळच्या एसटीने पोचले. हेल्मेट लपवलं. आबा आंब्याची पानं आणायचं निमित्त करून सटकले, थाप मारायची वेळ आली की ते नेहमीच सटकतात. माय ताट घेऊन शेडमध्ये आली, चादरीसमोर बसली, ओळीने बोटं लावत गेली. मशीन, होल्डर, ग्राइंडर, हातोड्या. जुन्या हेल्मेटला कपाळावर. मग तिचा हात थांबला.

"नवं कथं ठेवं?"

मी म्हणाले, "माय, ते ना, मी केंद्रात..."

ती उठली, सरळ कपाटाच्या मागे गेली आणि हेल्मेट काढून आणलं. चादरीवर जुन्याच्या शेजारी ठेवलं. मी पुढे झाले, हात धरावा की काय करावं सुचेना. तिने ओल्या हळदीत बोट बुडवलं, हेल्मेट दोन्ही गुडघ्यांत धरून उलटं केलं, आणि अगदी खाली, हनुवटीवर, काचेपासून वीतभर लांब, हळद लावली. वर कुंकू. एक दाणा वर उडून काचेवर पडला, तो तिने पदराच्या टोकाने हलकेच उचलला. मग त्याच पदराने दोन खिडक्या पुसल्या, आधी एक, मग दुसरी.

मी बघत राहिले. भिंतीवर तसबिरीशेजारी गेल्या वर्षीचे दोन टिळे तसेच होते.

"माय," मी म्हटलं, "खाले काबर?"

तिने वर बघितलं नाही. अक्षता टाकत होती.

"डोयास्ले कोनी कुकू लावस का?" ती म्हणाली. मग दाराकडे एकदा पाहून हळूच म्हणाली, "तुना आबाले सांगू नको. त्यास्ले वाटस, माले काही समजनं नही."

बाहेर आबांची चाहूल लागली. आंब्याची पानं घेऊन ते दारात आले आणि पूजा झाली का, असं त्यांनी डोळ्यांनीच मला विचारलं. तोंड उघडलं असतं तर माझं रडू फुटलं असतं, म्हणून मी नुसती मान खाली झटकली.